प्लॉटवरचा देव

३ नोव्हें.
कॉलनीशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर नगरपरिषदेने चुना टाकला. घरकुलं होणार. संध्याकाळी कॉलनीच्या सेक्रेटरींच्या गच्चीवर मीटिंग. ते म्हणाले, "कल को चोरियाँ होंगी, भाभीजी!" मी मुंडी हलवली. याच घरकुलांत माझ्या दादाला घर लागलंय, हे कुठल्या तोंडाने सांगू? ई-रिक्षा चालवतो, रेल्वे लाइनीपलीकडे भाड्याच्या खोलीत राहतो. कॉलनीत कुणाला माहीत नाही. फक्त ह्यांना.

५ नोव्हें.
सेक्रेटरींची बायको दारात. "आपका मायका किधर पड़ता है?" कामठा म्हटलं, आमचं गाव. खोटं नाही. पण इतक्या वर्षांत कधी विचारलं नाही, आजच का? ह्यांनी तर तोंड उघडलं नसेल...
विचारलं तर म्हणाले, "तुला सगळीकडे सापच दिसतात."
दिसतात. असतात म्हणून दिसतात.

८ नोव्हें.
सकाळी बघते तर प्लॉटवरच्या कडुलिंबाखाली दगड. शेंदूर फासलेला, पुढे नारळ फोडलेला. सेक्रेटरी सांगत सुटलेत, "स्वयंभू निकले हैं." डोंबलाचा स्वयंभू! दगडाखाली दबलेलं गवत अजून हिरवं आहे.
हे चहाला बसले. नखांत शेंदूर. तेलात कालवलेला, एका धुण्यात निघत नाही तो.
"पाया पडायला गेलो होतो."
पाया पडायला पाचही बोटं बुडवावी लागतात? असा संताप आला.

१२ नोव्हें.
दादा आला. आधी प्लॉटवर गेला, चपला काढून डोकं टेकवलं. घरात घेऊन सांगितलं, अरे, आणून ठेवलेला दगड आहे तो. तुझ्यासारख्यांना अडवायलाच.
"ठेवला असो का निंगाला असो, शेंदूर लागला ना? आता कोन हात लावते? देव हटवून मले घर नाई पायजे."
"मग राहा त्या खोलीत जन्मभर!"
हसला. "चिडून काऊन रायली? ज्यानं बसवला त्यालेच उठवता येते. कोन बसवला, मालूम हाये का तुले?"
मी भात वाढायला उठले.

१४ नोव्हें.
नगरपरिषदेचे साहेब फीत घेऊन आले. दगड बघितला, बूट काढले, हात जोडले, मोजमाप न करताच परत. सेक्रेटरींकडून पेढे आले. ह्यांनी दोन खाल्ले.
जेवताना म्हटलं, "दादा विचारत होता, देव कोणी बसवला. म्हणतो, ज्याने बसवला त्यालाच उठवता येतो."
ह्यांचा घास हातातच. "मग? तू काय सांगितलं?"
"अजून काही नाही. रविवारी जेवायला बोलावलंय त्याला. तुम्हीच सांगा."
उठले. ताट अर्धं तसंच. मघापासून मोरीतला नळ चालू आहे, हात धुताहेत.