शाबूत गट्टू

मंगळवार, संध्याकाळ, मुकुंदवाडी

आमच्या गल्लीतल्या फूटपाथचे सिमेंटचे गट्टू अगदी शाबूत होते. तरी आठवडाभर उखडणं चाललंय. मंदीत लोकांना काम मिळावं म्हणून सरकारनं ही कामं काढली म्हणे. लोकांसाठी, का ठेकेदारासाठी? शेजारच्या रुबीनाभाभींना मी हेच ऐकवलं, तर म्हणाल्या, "ताई, भाईसाब भी तो वहींच लगे ना?"

व्हय, लागलेत. आमचे हे कारखान्यात पंधरा वर्षं टर्नर होते. मंदीत कमी केल्यापासून घरीच बसून होते, आता गट्टू बसवतात. आज धुळीनं माखून आले आणि कितीतरी महिन्यांनी आपणहून दुसरी भाकरी मागितली.

मी विचारलंच, "शाबूत गट्टू कशाला काढले हो?"

"काढले नसते तर मी काय बसवलं असतं?"

पण गल्ली आता कोपऱ्यापर्यंतच उरलीय. त्यानंतर कारखाना परत बोलावणार का? मला नाय वाटत.

मघाशी दूध आणायला गेले, तर नवा गट्टू पायाखाली डुगडुगला. मुकादम समोरच उभा होता. एरवी मी त्याला चांगलं सुनावलं असतं. आज तशीच पुढे दुधाला गेले. डुगडुगू दे. पुन्हा उखडावा तरी लागेल.