लेकीचा वाटा, बहिणीची साडी

१२ ऑक्टोबर, रविवार
आजपासून घरातली कायद्याची सगळी कामं मीच बघणार. वकील कशाला? पाटोद्याच्या कोर्टात दोनदा साक्ष दिली आहे, अनुभव दांडगा आहे. सासरे वारले तेव्हापासून धारूरची जमीन मेहुणा उत्तरेश्वर एकटाच कसतो. आता मंगलला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हणतो की दिवाळीनंतर ये आणि हक्कसोडपत्रावर सही कर. म्हणजे बापाच्या जमिनीतला वाटा भावाला सोड. बदल्यात साडी! काय निर्लज्ज माणसं असतात.

१३ ऑक्टोबर
स्वतंत्र विषय. आमच्या वडिलांच्या सातबाऱ्यावर माझ्याबरोबर बहीण दीपमालाचंही नाव आहे. भाऊबीजेला आष्टीहून येईल, तेव्हा दुसऱ्या दिवशी तिचं हक्कसोडपत्र उरकायचं. साडी चांगली घ्यायची. बहिणीच्या बाबतीत मी हात आखडता घेत नाही.

१६ ऑक्टोबर, संध्याकाळ
मंगलचा क्लास घेतला. लेकीला लेकाइतकाच वाटा, तिच्या सहीशिवाय तो सुटत नाही. पाठ करून घेतलं. तशी जरा मंद आहे. विचारते, हे सगळ्याच लेकींना लागू हाय का? म्हटलं, सगळ्याच. कायदा भेदभाव करत नाही.

१९ ऑक्टोबर
सकाळी फिरायला जाणार होतो. फराळामुळे दिवाळीनंतर. साडी घेतली. दुकानदार आधी भारीतली दाखवत होता, पण दीपाला भपका आवडत नाही. तिला विचारावंही लागत नाही, मला कळतं.

२२ ऑक्टोबर
दीपा आली. दोघी करंज्या तळत बसल्या. मंगल तिला माझा धडा म्हणून दाखवत होती, एकदम खणखणीत. उजळणी झाली, बरं झालं.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
ओवाळणं झालं, साडी दिली आणि उद्याच्या किरकोळ कामाचं सांगितलं. दीपा म्हणाली, "दादा, सही न्हाई करणार. दरसाल कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर जाते, पोरींची शाळा बुडते. माझ्या वाट्यात राबंन, पर गाव सोडायची न्हाई."
हे कुणी शिकवलं, विचारलं. मंगल म्हणाली, तुमीच.
लई वाईट वाटलं. बहिणीला भावापेक्षा जमीन प्यारी झाली! साडी मात्र ठेवून घेतली.

२४ ऑक्टोबर
शांतपणे विचार केला. इकडे वाटा गेला, तिकडे धारूरचा येतो. नुकसान शून्य.

२७ ऑक्टोबर, सोमवार, धारूर
उत्तरेश्वरने दस्त तयारच ठेवला होता. वाटणीपत्र करून ठेव, असं मी मंगलकडून फोनवर कळवलं होतं. घाबरला असणार. फार अदबीने म्हणाला, दाजी, साक्षीदार तुमीच व्हा. झोकात सही केली. अनुभवी माणसाला वाचत बसावं लागत नाही.
मग नोंदणी ऑफिसातल्या साहेबांनी मंगलला विचारलं, बाई, हक्कसोड राजीखुशीने करताय ना?
ती हो म्हणाली. माझ्या पायाखालची जमीन सरकली. तिला बाजूला घेऊन म्हटलं, पाठ केलं होतंस ना?
"केलतं की. दीपाताईला गरज हाय, तिनं घेतला. माझं पोट भरतंय, मला माहेर पायजे. आन् वाटा घेतला असता तर तो माझ्याकडं किती दिस राहिला असता?"
नवऱ्यावर एवढा अविश्वास!
आहेर झाला. मंगलला साडी. आणि साक्षीदाराचा मान म्हणून उत्तरेश्वरने भरल्या ऑफिसात मला टोपी घातली.