मास्कवर थांबलेला हात

पौड, बुधवार, जुलै २००९

आज आम्हा नर्सचं ऑनलाइन ट्रेनिंग झालं, सगळ्या एकाच कॉम्प्युटरसमोर. न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा, ते पुण्याच्या मॅडम बाहुलीवर दाखवत होत्या. मास्क धरलेला हात बाहुलीच्या तोंडापाशी आला आणि चित्र तिथंच अडकलं. पुन्हा सुरू झालं तेव्हा मॅडम विचारत होत्या, "समजलं ना सगळ्यांना?" सगळ्या हो म्हणाल्या. मीही. का म्हणाले मी? रिहे गावातल्या धनगरांची सून याच आठवड्यात बाळंत व्हायचीय. तो अडकलेला हात डोळ्यांसमोरून हलत नाही. शेवटी ट्रेनिंगला माझ्या शेजारी बसलेल्या भुकूमच्या सुमनताईंना रात्री फोन केला. तुम्हाला पुढचं समजलं का?

"न्हाई गं. तू व्हय म्हणलीस, म्हणून मी म्हणले."