डावीकडे ओढणारी बंदूक

आबा, तुम्ही न पाहिलेल्या तुमच्या नातीने एक ऑनलाइन खेळ बनवला आहे आणि तो फुकट आहे असं ती म्हणते. मला तो फुकट पडला नाही. त्यापायी दुकानाची एक अख्खी सकाळ गेली, मायने वाढलेली खिचडी थंड झाली आणि तुमच्याबद्दल इतकी वर्षं जपलेलं एक मत सोडून द्यावं लागलं.

खेळ तुमच्याच यात्रेतल्या फुगे फोडायच्या स्टॉलचा आहे. मोबाइलवर फळी दिसते, फळीवर फुगे, खाली बंदूक. बोटाने नेम धरायचा आणि सोडायचा, एवढंच. तिने विचारलं, "पप्पा, सगळे एकदा खेळतात आणि बंद करतात. काय कमी आहे?" मी दुकानात बाकावर बसून तासभर खेळलो. आबा, तुम्हाला ठाऊक आहे, मी शिकलो नाही फार, पण शहाद्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान स्वतःच्या कानावर उभं केलं. पंपाची मोटार चालू झाली की झाकण न उघडता सांगतो, बेअरिंग गेलंय की वायंडिंग. म्हसावदचे शेतकरी म्हणतात, शेठच्या कानातून काही सुटत नाही. तर मी तिला म्हणालो, तुझ्या खेळात फुगा फुटतो तेव्हा आवाज येतो, पण नेम चुकतो तेव्हा काहीच वाजत नाही. आबांच्या फळीवर चुकलेला छर्रा टक्कन वाजायचा. त्या टक्कनेच माणूस चिडायचा आणि म्हणायचा, अजून दे. शिवाय तुझे फुगे सगळे सारखे. आबा खालच्या रांगेत मोठे, ताणलेले फुगे लावायचे, म्हणजे नवशिक्याचा पहिला छर्रा वाया जाऊ नये, आणि वरच्या कोपऱ्यात तो एक छोटा पिवळा, वाऱ्याने हलणारा, ज्याच्यासाठी जाणती माणसं थांबायची. फळी कधी रिकामी दिसू द्यायची नाही, हेही सांगितलं. तिने सगळं केलं. खेळ जागा झाला.

मग तिने खरा प्रश्न विचारला. खेळात स्टॉलमागे ती तुम्हाला उभं करणार होती, टोपी आणि मफलरसकट. रविवारी खेळ सगळ्यांसाठी खुला व्हायचा होता. "आजोबांची बंदूक सरळ ठेवू की वाकडी? लोक म्हणायचे ना, ते फसवायचे?"

मला एकदम लहानपण दिसलं. सारंगखेड्याच्या यात्रेत मी तुमच्या शेजारी फुगे फुगवत बसलेलो आहे. मागे घोडे खिंकाळताहेत, धूळ उडतेय, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात बंदूक देताना तुम्ही तेच वाक्य म्हणताय, "बंदूक डावीकडे वढस भाऊ, जराशी उजवीकडे धरा." आणि गिऱ्हाईक हसतंय, "म्हातारा, तू तुन्हा धंदा कर, आमले नको शिकाडू." सरळ धरतंय, चुकतंय. मला वाटायचं काय हुशार बाप आहे आपला! बंदूक असणार सरळ. ऐकेल तो चुकेल, न ऐकणारा गोंधळेल. एकदा मी एका गिऱ्हाइकाला डोळा मारला तर तुम्ही टपली मारलीत. "हसू नको. मी खरं सांगी ऱ्हायनू." तेही मला नाटकच वाटलं. पुढे धंद्यात पडल्यावर मित्रांना मी ही गोष्ट कौतुकाने सांगायचो, की आमच्या आबांनी शब्दाने नेम चुकवला, बंदुकीला हात न लावता.

पोरीला बंदुकीचा खरा आवाज हवा होता म्हणून माळ्यावरून तुमच्या बंदुकीचं खोकं काढलं. वॉशरला तेल दिलं, गच्चीवर पुठ्ठा टेकवला, मधोमध नेम धरला. छर्रा डावीकडे. पुन्हा धरला. पुन्हा डावीकडे. मी म्हणालो, इतकी वर्षं पडून आहे, नळी वाकली असेल. माय गच्चीच्या दारात मिरच्या निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पडीसन नही वाकनी. यात्रामा घोडानी पाय दिधा व्हता तेवर. दुसरी बंदूक कोठे व्हती? म्हनून त्या बठ्ठासले सांगेत. एखादाच आयके, तो फुगा फोडीसन जाये."

पोर माझ्याकडे बघत होती. मी बंदूक मांडीवर घेऊन बसलो. घोड्याच्या पायाखाली नळी तेव्हाच वाकली होती. तुम्ही फसवत नव्हता, आबा. तुम्ही हुशारही नव्हता, मी समजत होतो तसे. दिवसभर, धुळीत, घसा बसेपर्यंत तुम्ही खरं सांगत होता, आणि ऐकायला कुणी तयार नव्हतं, शेजारी बसलेलाही नाही.

तिला म्हणालो, बंदूक वाकडीच ठेव, पण आजोबांना ते वाक्य बोलू दे. दर वेळी, प्रत्येकाला. तुमचा आवाज कुठे जपलेला नाही, म्हणून तुमच्यासारखा आवाज काढून ते मीच बोललो. माय आतून म्हणाली, "हुबेहूब तेच."

हा कागद बंदुकीच्या खोक्यात ठेवणार आहे. एवढं एक सांगायचं राहिलं. शनिवारी खेळ तयार झाल्यावर पोरीने मोबाइल माझ्या हातात दिला, "पप्पा, पहिला डाव तुमचा." खेळ उघडला, फळी आली, वाक्य वाजलं. माझाच आवाज होता. मी मात्र चुकलेल्या छऱ्याची टक्क नीट वाजते का याकडे कान लावून बसलो होतो. बंदूक सरळ धरली. दहा छर्रे, एकही फुगा फुटला नाही.