पार्सलच्या काट्यावर

१ जानेवारी १९३७, लोणावळा. सकाळ.
नवं वर्ष, नवी वही, नवा मी. आजपासून चहा बंद. पहाटे पाचला उठणे, साठ सूर्यनमस्कार, वळवणच्या धरणापर्यंत पायी. नाव मारुती आणि वजन दोन मण एक शेर, हे पार्सलबाबूला शोभत नाही.
‘प्रभात आरोग्य मंडळ’ स्थापन केलं. अध्यक्ष मी. सभासद तीन: बेकरीवाला नसीर, त्याची बहीण रशिदा आणि त्यांच्या शेजारच्या शालूबाई. या पुण्याला शाळेत शिकवतात, हवापालटासाठी मावशीकडे आल्यात. त्या आल्या म्हणूनच मंडळ निघालं, असं नसीर म्हणतो. साफ खोटं. कल्पना माझ्या डोक्यात फार दिवसांपासून होती. निदान मंगळवारपासून.

३ जानेवारी, रविवार.
नमस्कार सात. थंडी होती.
नसीरने सायकलवर ग्रामोफोन आणला. धरणावर रेकॉर्डी, नानकटाई, किटलीभर चहा. चहा घेतला. सगळे घेत असताना अध्यक्षानेच नको म्हणणं बरं दिसत नाही. शालूबाई वाटेत दोनदा बसल्या. त्यांना एकटं वाटू नये म्हणून मीही बसलो. धरणावर मात्र रेकॉर्डीबरोबर गायल्या. हसता हसता खोकल्या.
परत येताना पार्सल ऑफिसात सगळ्यांची वजनं. गेणू हमाल काट्यावर मापं ठेवतो, मी लिहितो. शालूबाई एक मण नऊ शेर. त्यांचे दादा अंबाजीराव रेल्वेत गार्ड आहेत, दर रविवारी गाडीतून उतरून वजनाची चिठ्ठी नेतात. डॉक्टरांनी त्यांना सांगितलंय: वजन वाढलं तर उन्हाळ्यापर्यंत इथेच राहू द्या, घटलं तर मिरजेच्या सॅनिटोरियममध्ये हलवा. अंबाजीरावांचा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा रेल्वेच्या काट्यावर विश्वास. रेल्वेचा माणूस असाच असतो. मीही तसाच.

१० जानेवारी, रविवार.
मी दोन मण तीन शेर. हाडं मजबूत होताहेत.
शालूबाई एक मण सात. दोन शेर कुठं गेले, असं त्यांनी विचारलं. चालण्याने चरबी झडते, मी समजावलं. मग हळूच म्हणाल्या, चिठ्ठीवर नऊच लिहा, नाहीतर दादा मिरजेला नेईल, आणि तिथं कुणी ग्रामोफोन लावत नाही.
अकरा वर्षांच्या नोकरीत मी एका शेराचीही लबाडी केलेली नाही. नऊ लिहिलं.
कारण उघड आहे. त्यांना लोणावळा सोडवत नाही. आता लोणावळ्यात न सोडवण्यासारखं काय आहे? धुकं? शेंगदाण्याची गूळदाणी? स्वतःच्या तोंडाने कशाला लिहू?

१४ जानेवारी. संक्रांत.
शालूबाईंनी तिळगूळ दिला. तो खाल्ला. कुणाला संशय येऊ नये म्हणून इतरांचेही अकरा खाल्ले.

२४ जानेवारी, रविवार.
शालूबाई एक मण चार. चिठ्ठीवर एक मण दहा. हा खोटेपणा नव्हे. मन ही मोठी शक्ती आहे. कागदावर शेर चढला की अंगावरही चढेल.
अंबाजीरावांनी माझा हात हातात घेऊन आभार मानले. तुमच्यासारखी अचूक माणसं हवीत, म्हणाले.
गेणू मात्र कुरकुरला. ‘बाबू, माल हलका न् पावती जड, असं कवा केलं न्हाई आपण. बाईला जाऊ द्या मिरजंला. माजी भन अशीच गेली.’ त्याला झापलं. अडाणी माणूस, आरोग्यशास्त्र काय कळणार! नंतर दोन कप चहा.

७ फेब्रुवारी, रविवार.
नवा कोट शिवला. जुना बसेना. पुढच्या रविवारी अंबाजीरावांशी सरळ बोलणार. वाक्य तयार आहे: मी आपल्या भगिनींची काळजी घेण्यास समर्थ आहे. आरशासमोर चाळीस वेळा म्हटलं. नमस्कार शून्य.
शालूबाईंना धरणापर्यंत चालवेना, म्हणून मंडळ मावशींच्या पडवीत भरलं. रेकॉर्ड चालू असतानाच त्यांना झोप लागली. गाढ झोप हे प्रकृती सुधारल्याचं लक्षण. त्यांच्या बांगड्या घरंगळत कोपरापर्यंत गेल्या होत्या. रशिदा बाहेर जाऊन रडली. मुली हळव्या असतात.
घरी येऊन मला जेवण गेलं नाही. पित्त असावं.

१४ फेब्रुवारी, रविवार.
शालूबाई रशिदाच्या खांद्यावर रेलून आल्या. गेणूने मापं काढत काढत एकोणचाळीस शेरांवर आणली. एक मणसुद्धा नाही. मग चिठ्ठीचा कागद माझ्यापुढे सरकवला.
मी एक मण अकरा लिहिलं. टाक निसटून खाली पडला. थंडी.
शालूबाई म्हणाल्या, तुमच्यामुळे मला सहा रविवार मिळाले, एवढं सुख मला कुणी दिलं नव्हतं. मी चिठ्ठीची घडी घातली. अंबाजीरावांशी बोलणं राहिलं. कोट घामाने भिजला होता.

१६ फेब्रुवारी, मंगळवार.
शालूबाईंना रक्ताची उलटी झाली. अंबाजीराव दुपारच्या गाडीने न्यायला आले. स्टेशनवर मला एवढंच विचारलं, तुमचा काटा बिघडलाय का?
बिघडला असेल, म्हणालो.
गाडी हलली तेव्हा शालूबाईंनी खिडकीतून हात वर केला. मंडळाला की मला, कळलं नाही. मला असेल. मंडळालाच असेल.

२१ फेब्रुवारी, रविवार.
अंबाजीरावांच्या तक्रारीवरून काटा तपासायला इन्स्पेक्टर आला. काटा अगदी बरोबर निघाला. गेणू शेजारी उभा होता. मापं पुसून जागेवर ठेवली.
नसीर ग्रामोफोन घेऊन आला आणि तसाच परत गेला.

२८ फेब्रुवारी, रविवार.
पुढच्या आठवड्यात मिरजेला जाणार. जाऊन खरं काय ते सांगणार. रजेचा अर्ज लिहिला.

७ मार्च, रविवार.
अर्ज टेबलाच्या खणातच आहे. स्टेशनात माणसं कमी आहेत. पुढच्या आठवड्यात नक्की.

१४ मार्च, रविवार.
सकाळच्या गाडीने मिरजेहून एक ट्रंक आली. पत्र्याची, हिरवी. नाव शालूबाईंचं.
सोडवायला अंबाजीराव आले. शालू मंगळवारी गेली, म्हणाले. महिनाभर आधी आणली असती तर काही करता आलं असतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले म्हणे. मग त्यांनी विचारलं, काटा दुरुस्त झाला का?
झाला, म्हणालो.
गेणूने ट्रंक काट्यावर ठेवली. एकवीस शेर. पुन्हा तोलायला लावली. एकवीस. पावतीवर एकवीसच लिहिलं.