मातीतला डावा ठसा

वडकरा,
३ ऑगस्ट २००९

प्रिय चिरुते,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. डाव्या हाताने लिहूनही तुझं अक्षर माझ्यापेक्षा बरं, कमाल आहे बाई तुझी! इकडे सगळे ठीक. तुझ्या वहिनीचे गुडघे कुरकुरतात. यंदा फणस इतके लागले की शेजारीसुद्धा नको म्हणायला लागले. कळरीत, आपल्या त्या मातीच्या आखाड्यात, नवी बारा मुलं आलीत. सकाळभर तेल लावून, वरून टांगलेल्या दोराला धरून त्यांच्या पाठी पायाने रगडतो. पाठ माझीच दुखते.

तू लिहितेस, "ताराला उरुमी शिकायचीय. तूच तिला नाही म्हण. माझं पाऊल चुकलं, ते मी भोगतेय. पोरीच्या वाट्याला नको." चार दिवस पत्र खिशात घेऊन फिरतोय.

परवा बाबांची उरुमी पुसायला काढली. तलवार असूनही पातं इतकं लवचीक, की अजून कमरेला पट्ट्यासारखी गुंडाळता येते, सोडली की तशीच सळसळते. बाबा म्हणायचे, "फिरवायला लागलास की थांबायचं नाही. मध्येच हात ढिला पडला, तर ती कुठे येईल ते तिलाच ठाऊक नसतं." म्हणून तर भाला, ढाल सगळं घटवून घेतल्यावर शेवटी ती हातात द्यायचे.

चिरुते, त्या सकाळी आपण समोरासमोर फिरवत होतो. बाबा बाजूला उभे राहून ओरडले, "वा, पोरी!"

मला चौदा वर्षांत एकदाही 'वा' मिळाला नव्हता. मी वळून त्यांच्याकडे बघितलं. जळलो गं मी. हात ढिला पडला आणि पातं तुझ्या उजव्या मनगटावर आलं.

तुला उचलून वैद्यांकडे धावताना बाबा म्हणाले, "आत कुणी पाऊल ठेवायचं नाही." मातीतले ठसे बघून कुणाचं काय चुकलं ते सांगायचे ना ते! मी आत एकटाच होतो. तुझे दोन्ही ठसे जागच्या जागी होते. मी तुझा डावा ठसा पायाने पुसला, म्हणजे तुझं पाऊल हललं नव्हतं याची खूणच उरली नाही. बाबा आल्यावर म्हणालो, "ती पुढे सरकली."

त्यांनी तुला कळरी बंद केली. मरेपर्यंत तुला ऐकवत राहिले, "एका पावलाने घात केलास!" आणि मी शेजारी बसून मुकाट कांजी पीत राहिलो. बावीस वर्षं लोक मला गुरुक्कल, कळरीचा गुरू, म्हणतात. लाज वाटते.

ताराला नाही म्हणू नकोस. तिला घेऊन ये. हात मी शिकवीन, पावलं तू शिकव. रागावून आली नाहीस, तरी हे पत्र पोरीला वाचून दाखव. मी आजच कळरीत मुलांसमोर हे सगळं सांगणार आहे.

तुझं पाऊल चुकलं नव्हतं.

ज्याने तुझ्या पाया पडायला हवं असा,
तुझा दादा
केळप्पन