जप्त टबाची मोजणी

३ मार्च
आई एकदा म्हणाली होती, "तुझ्या हातून काही मरत नाही, याचीच मला भीती वाटते." मी नऊ वर्षांची होते. मला ते कौतुक वाटलं होतं. अजूनही वाटतं.
आजपासून धंदा सुरू. मासे पाळणाऱ्यांच्या ग्रुपवरच्या एका बाईने जलपर्णीची तीन रोपं दिली, बदल्यात आमच्या माशांच्या टाकीचा जुना फिल्टर नेला. गुबगुबीत देठ, जांभळी फुलं येणार. वाढवायची आणि विकायची. एप्रिलअखेर लेकीचं बाळंतपण. तिच्याकडे जाताना पाळणा माझ्या कमाईचा हवा. नवरा म्हणाला, "लाकडाचा घे, टिकेल." म्हणजे पाठिंबा आहे.

९ मार्च
तिनाची अकरा झाली. बादली पुरेना. टबात सोडली. टब तसा रिकामाच असतो, अंघोळीपुरता लागतो एवढंच.

१२ मार्च
नवऱ्याने कुठूनसा एक छापील कागद आणला. जलपर्णी विकायला, पाठवायला, नाल्यात टाकायला बंदी. तळी बुजतात, मासे गुदमरतात. वाचून वाईट वाटलं. पण तो कायदा तळ्यांसाठी आहे, माझा टब आहे. शिवाय ऑर्डर देणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी बजावते, बाहेर सोडू नका. एका अर्थी कायद्याचं काम मीच करते आहे.

१७ मार्च, दुपार
पहिली सहा पार्सलं गेली. ओला कागद, पिशवी, चपलांचे खोके. ग्रुपवरचे सगळे वर "काचेच्या वस्तू" लिहितात. मला नाही जमलं. रोपं उलटी पडली तर? मोठ्या अक्षरांत लिहिलं: "आत जिवंत जलपर्णी आहे. उन्हात ठेवू नये. उलटं करू नये." खाली माझा पूर्ण पत्ता आणि फोन. पोस्टातला माणूस म्हणाला, "ताई, नक्की हेच लिहायचंय?" म्हटलं, हो. तो हसला. काळजी घेणारं माणूस पाहून बरं वाटलं असणार.

२५ मार्च
टब दिसत नाही, नुसती पानं. नवरा बेसिनपाशी उभा राहून मग्याने अंघोळ करतो. म्हणाला, "तुझ्या बागेला माझा साबण चालत नाही ना, मग मीच कमी मळतो." गिऱ्हाइकांकडून अजून काही कळलं नाही. खूश असतील.

२८ मार्च
तपासनीस बाई आल्या. म्हणाल्या, "पत्ता शोधायला त्रास पडला नाही. सहाही पार्सलं आमच्याकडे आहेत. एक पान मोडलेलं नाही." क्षणभर अभिमान वाटला. मग म्हणाल्या, "टब जप्त."
म्हटलं, घेऊन जा मग. तर नाही. न्यायला परवान्याची बंद गाडी लागते, ती मेच्या दुसऱ्या आठवड्यात. तोवर विकायचं नाही, टाकायचं नाही, मारायचं तर नाहीच, पुरावा आहे. रोज रोपं मोजून वहीत सही करायची, पानाचा फोटो बाईंना पाठवायचा. घर सोडायचं नाही.
गाडी एप्रिलच्या मध्यात येईल, माझी खात्री आहे. ही माणसं तारीख लांबची देतात आणि आधीच येतात.

६ एप्रिल
संकल्प: वाढ थांबवायची. खिडकीला काळा कागद लावला, दिवा बंद. हे मारणं नव्हे, विश्रांती देणं आहे.

९ एप्रिल
अंधारात मोजणी चुकते. कागद काढला.

१४ एप्रिल
दोनशे सात. फुलं आली. इतकी सुंदर की दारातच उभी राहिले. नवरा म्हणाला, "अभिनंदन. मी शेजारी तोंड धुऊन येतो."
लेकीचा फोन. तिकीट काढलंस का? म्हटलं, बघते आहे. कसलं बघतेस? म्हटलं, घरात पाण्याचं जरा काम निघालंय. यात खोटं काही नाही.

१९ एप्रिल
नवरा म्हणाला, "तू जा, मी मोजतो." तपासनीस बाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, "पार्सलांवरचं अक्षर कोणाचं होतं?" माझं. "मग सहीही तुमचीच." नियम समजावून सांगतात, माणूस म्हणून चांगल्या आहेत. बाळ उशिरा येईल, पहिली बाळं येतातच उशिरा.

२३ एप्रिल
दोनशे ऐंशीच्या पुढे मोजता येत नाही, देठ एकमेकांत गुंतलेत. वहीत "अंदाजे" लिहिलं. बाईंचा फोन आला: अंदाजे चालणार नाही. आणि गाडी आता मेच्या तिसऱ्या आठवड्यात.

२६ एप्रिल, सकाळ
लेकीला डॉक्टरांनी एकोणतीस तारीख दिली. आज तिला सगळं सांगितलं. टब, पार्सलं, सही. ती आधी हसली. खूप हसली. मग म्हणाली, "म्हणजे तू येत नाहीस."
म्हटलं, असं काही नाही, अजून मार्ग आहेत. तू फक्त डॉक्टरांना एकदा विचार, तीन आठवडे पुढे ढकलता येतंय का. नाही म्हणतील, मला माहीत आहे. तरी विचारून बघ.